संत बहिणाबाई शिऊरकर

संत बहिणाबाई (इ.स. १६२८ – इ.स. १७००) या वारकरी संप्रदायातील संतकवयित्री आणि संत तुकारामांच्या शिष्या होत्या. तुकारामांची प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वीच कोल्हापूर येथे स्वप्नात त्यांच्याकडून आपल्याला गुरूपदेश मिळाला, असे त्यांनी आपल्या अभंगांत सांगितले आहे. मराठीत स्वतःच्या जीवनाची क्रमवार हकिकत सांगणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. तुकारामांचे देहूतील जीवन जवळून पाहिलेल्या समकालीन व्यक्तीचे कथन म्हणूनही त्यांच्या गाथेला महत्त्व आहे.

खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८० – १९५१) यांच्याशी त्यांचा संबंध नाही.

जन्म आणि काळ

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० म्हणजे इ.स. १६२८ मध्ये देवगाव येथे झाला. हे गाव आज देवगाव रंगारी या नावाने ओळखले जाते. ते छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वेरूळच्या पश्चिमेस आहे. वडील आऊजी यांच्याकडे गावचे कुलकर्णीपद होते. आईचे नाव जानकी होते.

त्यांचे बालपण दख्खनच्या अत्यंत कठीण काळात गेले. त्यांच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, इ.स. १६३० ते १६३२ या काळात, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. इ.स. १६३३ मध्ये जवळचा दौलताबादचा किल्ला मुघलांनी जिंकला आणि इ.स. १६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. सैन्यांच्या हालचाली, महसुलाची ओढाताण आणि कर्ज यांच्या कात्रीत अनेक वतनदार कुटुंबे सापडली होती.

वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास बहिणाबाईंचा विवाह शिऊर येथील पाठक घराण्यात झाला. शिऊरचे जुने नाव शिवपूर असून ते वैजापूर तालुक्यात आहे. पती तीस वर्षांचे, बिजवर आणि नात्यातलेच होते. ते वेदविद्येत निपुण होते. मात्र स्वभावाने शीघ्रकोपी होते, असे बहिणाबाईंनी नोंदवले आहे.

देशांतर

विवाहानंतर काही वर्षांतच भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे माहेरचे कुटुंब अडचणीत आले. बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना आईवडील, पती आणि त्या स्वतः असे सर्व जण रात्रीच्या वेळी गाव सोडून निघाले. गोदावरीचा तीर, पंढरपूर, शिखर शिंगणापूर आणि रहिमतपूर असा प्रवास करीत त्यांनी भिक्षा आणि पौरोहित्य यांवर निर्वाह केला. प्रवासातच बहिणाबाईंना कथाकीर्तनाची गोडी लागली. त्या अकरा वर्षांच्या असताना हे कुटुंब कोल्हापूरला पोहोचले आणि एका ब्राह्मण गृहस्थाच्या घरी राहू लागले.

कोल्हापुरातील घटना

कोल्हापुरात बहिणाबाईंच्या पतीला एक गाय दान मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा विलक्षण लळा लागला. त्या पाण्याला किंवा कीर्तनाला गेल्या, तरी ते त्यांच्या मागोमाग जात असे. त्या वेळी जयराम स्वामी वडगावकर कोल्हापुरात कीर्तने करीत होते. समर्थ रामदासांच्या काळातील सत्पुरुषांमध्ये प्रसिद्ध असलेल्या रामदास पंचायतनात त्यांचा समावेश होतो. त्यांच्या कीर्तनांत तुकारामांचे अभंग गायिले जात आणि बहिणाबाईंना ते तेथेच प्रथम ऐकायला मिळाले.

एका कीर्तनाच्या वेळी गर्दीमुळे वासराला बाहेर काढण्यात आले. त्यामुळे ते हंबरू लागले आणि बहिणाबाई कासावीस झाल्या. हे कळल्यावर जयराम स्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांवरही कृपादृष्टी केली. या प्रसंगाची गावात चर्चा झाली. ती कानावर येताच पतीने बहिणाबाईंना बेदम मारहाण केली आणि बांधून ठेवले. गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले. पुढे वासराचा मृत्यू झाला. बहिणाबाईंना या घटनेचा इतका आघात झाला की त्या काही दिवस बेशुद्धावस्थेत पडून होत्या.

स्वप्नानुग्रह

शुद्धीवर आल्यानंतर बहिणाबाईंना तुकारामांच्या दर्शनाचा ध्यास लागला. तुकाराम देहूत होते. कोल्हापूरहून ते अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक होते आणि पतीच्या संमतीविना तेथे जाणे अशक्य होते. कार्तिक वद्य पंचमी, रविवार या दिवशी तुकाराम आपल्या स्वप्नात आले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, कानात मंत्र सांगितला आणि मंत्रगीता नावाची पोथी हाती दिली, असे वर्णन त्यांच्या अभंगांत आहे. वारकरी परंपरेत रामकृष्णहरी हा मंत्र तुकारामांच्या गुरूपदेशाशी जोडलेला आहे.

गाथेत या घटनेचे स्थान मध्यवर्ती आहे. बहिणाबाई ब्राह्मण विवाहिता होत्या, तर तुकाराम तत्कालीन समाजव्यवस्थेत शूद्र गणले जात. स्त्रीने पतीच्या अनुमतीने दीक्षा घ्यावी आणि ब्राह्मणाने शूद्राला गुरू करू नये, असे दोन्ही संकेत होते. जागेपणी अशी दीक्षा मिळण्याचा कोणताही मार्ग बहिणाबाईंना उपलब्ध नव्हता. स्वप्नातील दीक्षेसाठी मात्र कोणाची परवानगी लागली नाही आणि ती मिळाल्यावर कोणाला रद्दही करता आली नाही.

पतीचा विरोध आणि मतपरिवर्तन

स्वप्नाची वार्ता पसरताच लोक बहिणाबाईंना पाहायला येऊ लागले. आपल्यासारख्या वेदज्ञाच्या पत्नीने शूद्राला गुरू मानावे आणि लोकांनी तिला नमस्कार करावा, हे पतीला असह्य झाले. बहिणाबाई गरोदर असतानाही घर सोडून जाण्याचा निश्चय त्यांनी केला. निघण्याच्या सुमारास ते तीव्र तापाने आजारी पडले आणि सुमारे महिनाभर अंथरुणावर होते. बहिणाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. तुकारामांची निंदा केल्यामुळेच हे दुखणे आले, अशी पतीची भावना झाली. बरे झाल्यावर त्यांनी विरोध सोडला आणि सर्व कुटुंब देहूला निघाले.

याच काळात पतीसेवा हाच स्त्रीचा धर्म असल्याचे प्रतिपादन बहिणाबाईंनी केले. एकीकडे स्वप्नातून मिळालेला स्वतंत्र गुरू आणि दुसरीकडे पतीला दैवत मानण्याचा आग्रह, असा ताण त्यांच्या अभंगांत सर्वत्र दिसतो. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इ.स. १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात पत्नी आणि संत या दोन भूमिकांचा हा प्रश्न विस्ताराने मांडला आहे.

देहू येथील वास्तव्य

देहूत बहिणाबाईंना तुकारामांचे प्रत्यक्ष दर्शन झाले. स्वप्नात पाहिलेली मूर्तीच समोर उभी असल्याचा अनुभव त्यांनी नोंदवला आहे. येथेच त्यांची कन्या काशी हिचा जन्म झाला.

देहूतील मंबाजी गोसावी यांनी या कुटुंबाला आपले शिष्यत्व पत्करण्यास सांगितले. आपला गुरू तुकाराम असल्याचे बहिणाबाई आणि त्यांच्या पतीने सांगितल्यावर मंबाजींनी त्यांचा छळ आरंभला. त्यांच्या गाईलाही मारहाण झाली. शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, अशी तक्रार मंबाजींनी पुण्याच्या आपाजी गोसावी यांच्याकडे केल्याचा उल्लेख गाथेत आहे. तुकारामांना झालेल्या विरोधाची माहिती मुख्यतः त्यांचे स्वतःचे अभंग आणि महीपतीने अठराव्या शतकात लिहिलेली चरित्रे यांतून मिळते. त्यामुळे बहिणाबाईंची ही समकालीन साक्ष अभ्यासकांना मोलाची वाटते.

शिऊर आणि अखेरचा काळ

इ.स. १६५० मध्ये तुकारामांचे निर्याण झाले. बहिणाबाईंचे पुढील आयुष्य प्रामुख्याने शिऊर येथे गेले. त्यांचा मुलगा विठोबा हाही भक्तिमार्गी होता. शके १६२२ म्हणजे इ.स. १७०० मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, आपला अंतकाळ जवळ आल्याचे ओळखून त्यांनी परगावी असलेल्या विठोबाला बोलावून घेतले. आपले आधीचे बारा जन्म त्यांनी त्याला क्रमाने सांगितले आणि चालू जन्म तेरावा व शेवटचा असल्याचे प्रतिपादन केले. आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी शिऊर येथे आहे.

साहित्य

बहिणाबाईंच्या गाथेत आत्मनिवेदन, पूर्वजन्मांचे कथन, पतिव्रताधर्म, ब्राह्मण कोणास म्हणावे याचा विचार, संतस्तुती आणि विठ्ठलभक्ती अशा विषयांवरील अभंग आहेत. वारकरी संप्रदायाला मंदिराची उपमा देणारा, ज्ञानदेवांना पायाशी आणि तुकारामांना कळसाशी जोडणारा प्रसिद्ध अभंग त्यांचाच मानला जातो. वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठीत आणला. बौद्ध आचार्य अश्वघोषाच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या या ग्रंथात जन्म, देह किंवा जात यांवरून ब्राह्मणत्व ठरत नाही, असा युक्तिवाद आहे. शूद्र गुरूवरून झालेल्या वादाला बहिणाबाईंनी दिलेले वैचारिक उत्तर म्हणूनही या रचनेकडे पाहिले जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी धोंडो विनायक उमरखाने यांनी त्यांची गाथा प्रसिद्ध केली. जस्टिन अ‍ॅबट यांनी इ.स. १९२९ मध्ये आत्मनिवेदनासह निवडक अभंगांचे इंग्रजी भाषांतर केले.

वारकरी परंपरेतील स्वप्नदीक्षा

बहिणाबाईंचा अनुभव परंपरेत एकाकी नाही. खुद्द तुकारामांनाही बाबाजी चैतन्य यांच्याकडून माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नातच उपदेश मिळाला होता. दुसऱ्या एका स्वप्नात विठ्ठलासह संत नामदेव आले आणि त्यांनी तुकारामांना कवित्व करण्याची आज्ञा दिली. नामदेवांचा शतकोटी अभंगांचा संकल्प अपुरा राहिला होता आणि तो पूर्ण करण्याचे काम तुकारामांकडे सोपवले गेले, अशी ही कथा आहे.

नामदेवांचे (इ.स. १२७० – १३५०) जन्मस्थान म्हणून सध्याच्या हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे गाव प्रसिद्ध आहे. त्यांना ज्या विसोबा खेचरांकडून गुरूपदेश मिळाला, त्यांची भेट याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे झाल्याचे मानले जाते. नामदेवांना गुरू प्रत्यक्ष भेटले. त्यांच्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी तुकारामांना नामदेव भेटले ते मात्र स्वप्नात, आणि तुकारामही बहिणाबाईंना प्रथम स्वप्नातच भेटले. नरसीपासून देहूपर्यंत आणि देहूपासून कोल्हापूरपर्यंत काळाचे व स्थळाचे अंतर या परंपरेने स्वप्नाच्या आधारे ओलांडले आहे. बहिणाबाईंनी आपली गुरुपरंपरा आदिनाथापासून सुरू करून ज्ञानदेव, राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी आणि तुकाराम यांच्यामार्गे स्वतःपर्यंत आणली आहे. तिच्यातील अखेरचे दोन दुवे स्वप्नांनी जोडलेले आहेत.

भारतीय तत्त्वज्ञानात स्वप्नाचा विचार प्राचीन आहे. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नावस्थेत आत्मा आपली सृष्टी स्वतःच निर्माण करतो, असे विवेचन येते.

इस्लामी परंपरेतील स्वप्नविचार

बहिणाबाईंचे माहेर असलेल्या देवगावपासून काही कोसांवर, वेरूळला लागून, खुलताबाद हे सूफी संतांचे महत्त्वाचे केंद्र आहे. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी या चौदाव्या शतकातील चिश्ती संतांच्या कबरी तेथे आहेत. बहिणाबाई आणि हे सूफी केंद्र यांच्यात थेट संबंध असल्याचा पुरावा नाही. तरीही एकाच प्रदेशातील दोन धर्मपरंपरांनी स्वप्नाला कोणते स्थान दिले, याची तुलना उद्‌बोधक ठरते.

कुराणातील यूसुफ या सूरेत स्वप्नांना मध्यवर्ती स्थान आहे. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्याला वंदन करीत असल्याचे स्वप्न यूसुफ पाहतात आणि पुढे राजाच्या स्वप्नातील सात पुष्ट व सात कृश गाईंचा अर्थ सांगून येणाऱ्या दुष्काळाची सूचना देतात. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत: ईश्वराकडून येणारी शुभवार्ता, सैतानाकडून येणारे भयकारी स्वप्न आणि माणसाच्या स्वतःच्या मनातील विचारांतून उमटणारे स्वप्न. सत्य स्वप्न हे प्रेषितत्वाच्या ४६ भागांपैकी एक असल्याचेही हदीसमध्ये आले आहे. वाईट स्वप्न पडल्यास ईश्वराचा आश्रय मागावा, कूस बदलावी आणि ते कोणाला सांगू नये, असा शिष्टाचार आहे. चांगले स्वप्न आपल्या हितचिंतकालाच सांगावे, असे म्हटले आहे.

स्वप्नाचा अर्थ लावण्याच्या शास्त्रात बसरा येथील इब्न सीरीन यांचे नाव सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यांचा मृत्यू हिजरी ११० मध्ये झाला. त्यांच्या नावावर प्रचलित असलेले स्वप्नकोश मात्र नंतरच्या काळात संकलित झाले, असे अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी झोपेत इंद्रियांचे व्यवहार थांबल्यामुळे आत्म्याला मोकळीक मिळते, असे स्वप्नाचे स्पष्टीकरण दिले. बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांच्या मते स्वप्नातून नवा धार्मिक नियम सिद्ध होत नाही. व्यक्तीला धीर किंवा दिशा देण्यापुरतेच त्याचे स्थान आहे.

बहिणाबाईंच्या अनुभवाशी सर्वाधिक साम्य असलेली सूफी संकल्पना उवैसी या नावाने ओळखली जाते. प्रेषित मुहंमद यांचे समकालीन असूनही त्यांना कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या, तरीही निष्ठावान भक्त ठरलेल्या उवैस अल-करनी यांच्यावरून हे नाव पडले. दूरच्या किंवा दिवंगत गुरूकडून, अनेकदा स्वप्नातून, मार्गदर्शन मिळालेल्या साधकाला उवैसी म्हणतात.

स्वप्नांचे वैज्ञानिक स्पष्टीकरण

सिग्मंड फ्रॉइड यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छांची प्रच्छन्न पूर्ती होय, असा सिद्धान्त मांडला. इ.स. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था नोंदवली आणि स्वप्नांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू झाला. प्रौढ व्यक्तीच्या झोपेत ही अवस्था साधारणतः दर ९० मिनिटांनी येते आणि एकूण झोपेचा २० ते २५ टक्के भाग व्यापते. सुस्पष्ट, कथानक असलेली स्वप्ने मुख्यत्वे या अवस्थेत पडतात; इतर अवस्थांतही स्वप्ने पडू शकतात. या वेळी भावनांशी संबंधित मेंदूचे भाग सक्रिय असतात, तर्क आणि आत्मपरीक्षण यांच्याशी संबंधित पुढच्या भागाची क्रियाशीलता घटते आणि शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल होतात. त्यामुळे स्वप्नातील घटना उत्कट आणि त्या क्षणी खऱ्या वाटतात.

स्वप्ने का पडतात, याविषयी मात्र एकमत नाही. अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी इ.स. १९७७ मध्ये मांडलेल्या मतानुसार मेंदूच्या तळाकडून उठणाऱ्या संकेतांना मेंदू कथेचे रूप देतो. अन्य संशोधक स्मृतींची मांडणी, भावनांची तीव्रता कमी होणे किंवा धोक्यांना तोंड देण्याचा सराव यांच्याशी स्वप्नांचा संबंध जोडतात. सातत्याच्या सिद्धान्तानुसार जागेपणीच्या काळज्या, माणसे आणि ओढी यांचेच प्रतिबिंब स्वप्नात पडते.

साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका स्वप्नाची वैज्ञानिक तपासणी शक्य नाही. ते कसे घडले याचा पुरावा बहिणाबाईंच्या अभंगांपलीकडे उपलब्ध नाही. मात्र स्वप्नापूर्वीच्या दिवसांचा तपशील त्यांनी स्वतः दिला आहे: कीर्तनातून कानी पडणारे तुकारामांचे अभंग, मारहाण, वासराचा मृत्यू, उपवास आणि दर्शनाची तळमळ. सातत्याच्या सिद्धान्ताच्या दृष्टीने हा क्रम सुसंगत आहे. भक्तिपरंपरा हाच क्रम वेगळ्या रीतीने वाचते. तिच्या दृष्टीने तळमळ हे कृपेचे कारण आहे. स्वप्नाचा उगम मनात की मनाबाहेर, याविषयी दोन्ही दृष्टिकोनांत मतभेद आहे. मात्र जागेपणीच्या तीव्र ओढीशी स्वप्नाचा संबंध दोन्हींना मान्य आहे.

महत्त्व

बहिणाबाईंच्या गाथेचे ऐतिहासिक मोल स्वप्नाच्या सत्यासत्यतेवर अवलंबून नाही. ज्या समाजात विवाहित मुलीला स्वतःचा गुरू निवडण्याचा अधिकार नव्हता, त्या समाजात एका मुलीने स्वप्नाच्या आधारे ही निवड केली, मारहाण व बहिष्काराचे भय सोसून ती टिकवली आणि पुढे पतीसह त्याच गुरूच्या गावी वास्तव्य केले, ही गाथेतील हकिकत आहे. स्वप्नातून मिळालेला अधिकार त्यांनी पुढे काव्यातून आणि वज्रसूचीच्या युक्तिवादातून जागेपणी सिद्ध केला. मध्ययुगीन स्त्रीजीवन, तुकारामांचे चरित्र आणि महाराष्ट्रातील जातिविचार या तिन्ही विषयांच्या अभ्यासात त्यांच्या गाथेचा आधार घेतला जातो.